एकदा सुटलेलं कोडं कुठे ठेवायचं?

साठ पत्ते, एक तास आणि तीन-चार माणसं. पहिला पत्ता उलटला की कळतं, आपण कुठल्यातरी बंद जागेत अडकलो आहोत आणि समोरच्या वस्तू, आकडे, चित्रं यांच्या जोडण्या लावत बाहेर पडायचं आहे. सुटलो तर सगळे सुटतो, अडकलो तर सगळे अडकतो. एस्केप रूमचा हा घरगुती अवतार आता आपल्याकडेही येऊ लागला आहे. पुण्या-मुंबईहून येणारा एखादा भाचा पेटी घेऊन येतो, दिवाळीची एक दुपार रंगते, आणि मग पेटी माळ्यावर जाते. ती पुन्हा खाली येत नाही, कारण उत्तरं कळलेली असतात. रमीचा कॅट दहा वर्षं पुरतो. हा कॅट एका तासात संपतो.

घराच्या हिशेबानं हा खेळ म्हणजे उधळपट्टी आहे. परदेशी पेटी हजार रुपयांच्या पुढेच पडते आणि चार माणसांच्या घरात ती एकदाच चालते. पण तीच पेटी चाळीस घरांत फिरली तर चाळीस वेळा कोरी असते. एकदा वाचून ठेवून द्यायची आणि दुसऱ्यासाठी मात्र नवीच असणारी वस्तू आपल्याकडे कुठे ठेवतात, हे सातारा-सांगलीच्या लोकांना सांगायला नको. दोन्ही शहरांतली नगर वाचनालयं दीडशे वर्षांहून जुनी आहेत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं उभी राहिली. २०१७ साली महाबळेश्वरजवळच्या भिलारनं तर घराघरांतच पुस्तकं मांडली. मग या वाचनालयांनी कोड्यांच्या पत्त्यांच्या पेट्या देवघेवीत घ्याव्यात का? माझं उत्तर हो असं आहे, पण एक अट आहे. नुसत्या विकत आणून ठेवल्या तर दोन वर्षांत धूळ बसेल. त्या मराठीत, इथल्या मालमसाल्यातून, इथेच तयार कराव्या लागतील. ते काम वाटतं तितकं अवघड नाही. मात्र ज्या जागी ते फसतं त्या जागा आधी माहीत हव्यात.

आधी विकतच्या पेट्यांबद्दल. खऱ्या खोलीत कोंडून घेऊन कोडी सोडवण्याचा खेळ २००७ मध्ये क्योटोत ताकाओ काटो यांनी सुरू केला. तो टेबलावर आला त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी. जर्मनीच्या कॉसमॉस कंपनीची ‘एक्झिट’ मालिका २०१६ ची. इंका आणि मार्कुस ब्रांड यांनी रचलेली, आणि २०१७ चा तिकडचा जाणकार खेळाडूंसाठीचा मोठा पुरस्कार मिळवलेली. फ्रान्सच्या स्पेस काउबॉइजचा ‘अनलॉक’ आणि इटलीच्या डीव्ही जोकीचा ‘डेकस्केप’ हे दोन्ही २०१७ चे.

तिघांचा आत्मा एक असला तरी वाचनालयाच्या दृष्टीनं त्यांची जात वेगळी आहे. ‘एक्झिट’मध्ये पत्ते फाडायचे, घड्या घालायच्या, कात्रीनं कापायचे, वहीत रेघा मारायच्या. कोडी फार चतुर असतात, पण खेळ झाल्यावर पेटीत उरतो तो कचरा. वाचनालयानं ती घेऊच नये. ‘अनलॉक’मध्ये काही कापायचं नसतं. लाल आकड्याची वस्तू आणि निळ्या आकड्याची वस्तू यांची बेरीज करायची आणि त्या बेरजेचा पत्ता कॅटमधून काढायचा. चार अंकी कोड मात्र फोनवरच्या ॲपमध्ये घालून तपासावे लागतात. म्हणजे पत्ते शाबूत राहिले तरी खेळाचा अर्धा जीव कंपनीच्या हातात. ॲप बंद पडलं की पेटी मुकी. ‘डेकस्केप’ला ॲप लागत नाही. पत्ता वाचायचा, उत्तर ठरवायचं आणि पत्ता उलटून पाठीवर बघायचं. चुकलात तर फुली मांडायची. कोड्यांची खोली जरा कमी, पण वाचनालयाला सगळ्यांत सोयीची हीच. नमुना म्हणून अशा एक-दोन पेट्या घ्याव्यात आणि पुढची खरेदी थांबवावी. कारण या पेट्या इंग्रजी वाचणाऱ्या घरांपुरत्याच फिरणार. आजी बाजूला बसून बघणार, आणि मराठी शाळेतल्या मुलाला दर पत्त्याला कोणीतरी अर्थ सांगणार. एकत्र खेळायच्या खेळात एक दुभाषा आणि दोन प्रेक्षक तयार झाले तर एकत्र ते काय राहिलं?

मग भाषांतर करा, असं सहज सुचतं. एक तर पेटी विकत घेऊन उसनी देणं वेगळं आणि तिची चित्रं-मजकूर उतरवून मराठी प्रत छापणं वेगळं. दुसऱ्याला कायदा आड येतो. बेरजेची युक्ती कोणाच्या मालकीची नाही, रचलेलं कोडं आणि काढलेलं चित्र मात्र आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी भाषांतर जमत नाही, कारण निम्मी कोडी लिपीतच रुतलेली असतात. इंग्रजीत अक्षरांना १ ते २६ क्रमांक द्यायचे आणि शब्दाचा आकडा काढायचा, हे कोडं नेहमीचं. मराठीत वर्णमालेतलं कितवं अक्षर म्हणाल तर घरातच भांडण लागेल. ङ-ञ मोजायचे का, ॲ-ऑ धरायचे का, ळ कुठे, क्ष-ज्ञ वेगळे की जोडाक्षरं? आजोबांची वर्णमाला आणि नातवाची वर्णमाला एक नाही. अक्षरं उलटीपालटी करून शब्द ओळखायचा खेळही असाच लंगडा पडतो. सात वेगवेगळ्या इंग्रजी अक्षरांचे ५०४० क्रम होतात. ‘सांगली’चे तुकडे पाडले तर सां, ग, ली असे तीनच, त्यांचे क्रम सहा. पहिलीतलं मूल ते चुटकीसरशी लावेल.

उलट आपल्या लिपीत आणि मोजणीत जे आहे ते बाहेरून आणता येणार नाही. अक्षरांनी आकडे लिहायची जुनी कटपयादी पद्धत घ्या. क, ट, प, य या चारही अक्षरांची किंमत १. ख, ठ, फ, र यांची २. ग, ड, ब, ल यांची ३. असं पुढे चालायचं. ञ आणि न शून्य. काना-मात्रा मोजायच्या नाहीत. या हिशेबानं ‘कराड’ लिहिलं की सरळ १२३ मिळतात. ‘सातारा’चे ७६२, ‘मिरज’चे ५२८. जुने लोक हे आकडे उजवीकडून डावीकडे वाचत, म्हणजे मिरजेचे ८२५ झाले. कोड्याला लागतो तो शेवटचा पीळ इथे आयताच मिळतो. एका पत्त्यावर एसटीच्या तीन पाट्या, दुसऱ्यावर किमतींचा तक्ता आणि तिसऱ्यावर उलटा बाण, एवढ्यावर कोडं उभं राहतं. तक्ता पत्त्यावर छापलेलाच हवा. खेळणाऱ्याला आधीपासून काही ठाऊक असलं पाहिजे अशी अट घातली की ते कोडं राहत नाही, परीक्षा होते.

मोडी लिपी तर अजून घराघरांतल्या जुन्या कागदांवर आहे. सहा अक्षरांची किल्ली दिली तरी एक पत्ता वाचून होतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बांधून ठेवले होते आणि त्यांची किल्ली इतिहासाचार्य राजवाड्यांनी शोधली. गुप्त लेखनाची परंपरा आपल्याकडे नव्हती असं कोणी म्हणू नये. सातारा-सांगलीकडे हुमाणं, म्हणजे तोंडी कोडी, घालायची चाल होतीच. शके आणि इसवी सन यांतला ७८ चा फरक कॅलेंडर बघणाऱ्या कुठल्याही आजीला पाठ असतो. साताऱ्याजवळ लिंबच्या बारामोटेच्या विहिरीचं बांधकाम १७१९ ते १७२४ या काळातलं. पत्त्यावर शके १६४६ दिलं आणि कुलपाला इसवी सन हवा असला, तर त्या क्षणी फोनवाल्या नातवाला आजीकडे बघावं लागतं. १७२४. असं एक तरी कोडं प्रत्येक संचात मुद्दाम ठेवावं.

आता रचना. पहिला संच करणारे लोक बहुधा गोष्टीपासून सुरुवात करतात आणि फसतात. सुरुवात ‘अनलॉक’सारख्या लाल-निळ्या बेरजांच्या तक्त्यापासून करायची. समजा सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर संच करायचा आहे. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो. काही वेळ ते तसंच उघडं ठेवावं लागतं. हे कोड्यात छान बसतं. दोर हा लाल १४. नुकतं उघडलेलं पेव निळं ३१. दोघांची बेरीज ४५, आणि ४५ व्या पत्त्यावर: ‘घाई केलीत, पाच मिनिटं वजा.’ मधल्या काळात दुसरं कोडं सोडवलं की हवा खेळलेलं पेव मिळतं, ते निळं ३८. आता १४ आणि ३८ मिळून ५२, आणि तुम्ही खाली उतरता. दंडालाही इथे कारण आहे, म्हणून तो खेळणाऱ्याला पटतो. विनाकारण दंड करणारा संच लोक चिडून ठेवून देतात.

पण त्याच संचात किल्ली लाल १७ आणि कंदील निळा ३५ असेल तर? बेरीज पुन्हा ५२. कोणी किल्ली कंदिलाला लावून बघितली की तो थेट पेवात. असल्या चोरवाटा प्रत्येक पहिल्या मसुद्यात असतात. आठ लाल आणि नऊ निळे पत्ते असले तर बहात्तर बेरजा होतात, त्यांतल्या दहा-बाराच खऱ्या हव्यात. लाल आकडे उभे, निळे आडवे मांडून सगळ्या बहात्तर बेरजा लिहून काढायच्या आणि अस्तित्वात असलेल्या पत्त्यावर पडणारी प्रत्येक खोटी बेरीज आकडा बदलून हलवायची. काही जण हुशारी करून निळे आकडे ३०, ४०, ५० असे दहांच्या पटीत आणि लाल आकडे एकअंकी ठेवतात. मग दोन जोड्यांची बेरीज कधीच सारखी येत नाही, हे खरं. पण कॅटमध्ये ५२ च्या पाठीकडे नुसतं बघून ५० आणि २ ची जोडी फुटते. थोडा गोंधळ ठेवावाच लागतो. दुसरा उपाय म्हणजे उत्तराच्या पत्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत १४+३८ छापणं. चुकून आलेला माणूस ते बघून पत्ता परत ठेवतो.

मराठी आकड्यांचा आणखी एक घोळ आहे, तो परदेशी रचनाकाराच्या डोक्यातही येणार नाही. आपण आकडा लिहितो डावीकडून आणि बोलतो उजवीकडून. ‘अठ्ठेचाळीस’ म्हणताना आठ आधी येतो. घाईत आजी ‘अठ्ठेचाळीस काढ’ म्हणते आणि सेमी-इंग्रजीतलं मूल ८४ काढतं. त्यामुळे एकाच संचात ४८ आणि ८४, २७ आणि ७२ अशा उलट जोड्या ठेवायच्याच नाहीत. एकोणसाठ-एकोणसत्तर या मंडळींनाही शक्यतो रजा द्यावी. दुसरीच्या पुस्तकात २१ ला ‘वीस एक’ म्हणायची पद्धत आल्यावर २०१९ मध्ये जो वाद पेटला त्यात कोणाची बाजू बरोबर ते बाजूला राहू द्या. खेळताना मात्र आकडा सुटा सांगावा, ‘चार-आठ’. छापताना देवनागरी आकडा मोठा आणि इंग्रजी आकडा कोपऱ्यात लहान, असे दोन्ही द्यावेत. चित्रात दडवलेल्या आकड्यांत १ आणि ९ एकाच संचात शेजारी नकोत, फिकट छपाईत ते एकच दिसतात. ३ आणि ६ यांचं आरशातलं नातं मात्र वापरावं. छत्तीसचा आकडा म्हणतात तो उगाच नाही. आरसा हे चित्र दाखवून ३ चा ६ करायला लावणारं कोडं मराठीत फुकट मिळतं.

कुलपांसाठी ॲप नको म्हटल्यावर कोड तपासायचा कसा? साधी युक्ती अशी: चार अंकी कोडाचे दोन-दोन अंकांचे तुकडे करायचे आणि त्यांची बेरीज करायची. १७२४ असेल तर १७ आणि २४, म्हणजे ४१. पत्ता ४१ काढायचा. त्याच्या माथ्यावर लिहिलेलं असतं: ‘१७२४ घेऊन आलात? तर पुढे वाचा. नसेल तर पत्ता परत ठेवा, तीन मिनिटं वजा.’ यात एक भोक आहे. दुसऱ्याच चुकीच्या कोडाची बेरीज ४१ आली तर खरा कोड दिसून जातो. तसं क्वचित होतं, आणि झालं तरी कोणाचं फार नुकसान होत नाही. फोन खिशात राहतो हा फायदा मोठा आहे.

मदतीचे इशारे तीन पायऱ्यांत लिहावेत: पहिल्यात फक्त ‘कुठले पत्ते एकत्र बघा’, दुसऱ्यात रीत, तिसऱ्यात उत्तर. सगळे एकाच कागदावर लिहिले की डोळा घसरतोच. प्रत्येक कोड्याचा घडी घातलेला वेगळा कागद करावा.

गोष्टीची आखणी करताना सुरुवातीला तीन कोडी एकदम उघडी ठेवावीत. एकामागे एक अशी साखळी केली की एक जण सोडवतो आणि तिघे जांभया देतात. मधोमध एक चिंचोळी जागा ठेवावी, जिथे तिघांचे धागे लागल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि मग पुन्हा वाट रुंद करावी.

छपाई इथल्याच छापखान्यात होते. पत्त्याचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर. भोवती कटिंगची जागा धरून १२ बाय १८ इंची शीटवर १८ पत्ते बसतात, म्हणजे चार शीटमध्ये ७२. साठ पत्ते आणि वरच्या बारा जागा. त्या कोऱ्या सोडू नयेत. जे पत्ते नसतील तर खेळ अडेल त्यांच्या दुसऱ्या प्रती तिथे घालाव्यात आणि वाचनालयात वेगळ्या पाकिटात ठेवाव्यात. कागद ३०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा. दोन्ही बाजूंची छपाई एकमेकींवर तंतोतंत बसत नाही, मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकते. म्हणून पाठीवर चौकट काढायची नाही. छपाई जराशी सरकली तरी ती तिरकी दिसते. लॅमिनेशन मॅट घ्यावं. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि दडवलेला आकडा समोरच्याला दिसतच नाही. गडद रंगातले बारीक फरक छपाईत बुडतात. स्क्रीनवर स्वच्छ दिसणारा तपकिरीवरचा काळा आकडा कागदावर गायब होतो. आधी एकच शीट काढून, रात्री, घरातल्या साध्या बल्बखाली बघावं. लाल आणि निळ्याला रंगाबरोबर आकारही द्यावा, लाल गोल आणि निळा चौकोन, कारण काहींना रंगांतला फरक नीट दिसत नाही आणि पिवळ्या उजेडात तर कोणालाच तो तितका स्पष्ट दिसत नाही.

मग चाचणी. इथे गंमत अशी की चाचणी करणारी माणसंही एकदाच वापरता येतात. पहिल्याच दिवशी सगळ्या ओळखीच्यांना बोलावून संपवू नये. एका वेळी एक घर, मग दुरुस्ती, मग पुढचं घर. रचणाऱ्यानं शेजारी बसायचं, तोंड बंद ठेवायचं आणि कुठल्या पत्त्याला कितवं मिनिट लागलं ते लिहायचं. पाचांपैकी तीन घरं एकाच जागी आठ मिनिटांहून जास्त अडकली तर दोष कोड्याचा. ‘लोकांना डोकं नाही’ ही तक्रार रचणाऱ्यानं करायची नसते.

घरात खेळताना सगळ्यांत मोठा अडथळा कोड्यांचा नसतो, चेअरमनचा असतो. सहकाराच्या जिल्ह्यांत हे वेगळं सांगायला नको. सगळ्यांचा म्हणून सुरू झालेला कारभार पाहता पाहता एका माणसाच्या हातात जातो, आणि बाकीचे सभासद सह्यांपुरते उरतात. पत्त्यांतही एक जण सगळे पत्ते स्वतःपुढे ओढतो, भराभर बेरजा करतो आणि बाकीच्यांना निकाल सांगतो. त्याला रागावून काही होत नाही. नियम बदलावा लागतो. नवा पत्ता ज्यानं काढला त्यानंच तो मोठ्यानं वाचायचा आणि हातात धरायचा. इतरांनी विचारायचं, त्यानं सांगायचं, हिसकावायचं नाही. बेरीज तिसऱ्यानंच करायची. एवढ्यानं खेळाचा वेग थोडा कमी होतो, पण आठ वर्षांच्या मुलीला चित्रात दडलेला ९ दिसला तर तो सांगायला तिला जागा मिळते. आणि असले आकडे बहुतेक वेळा मुलांनाच आधी दिसतात, कारण मोठी माणसं मजकूर वाचतात, मुलं चित्र बघतात.

बाकीच्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण खेळ त्यांनीच बिघडतो. पंखा बंद करायचा, नाहीतर पत्ते खोलीभर. नक्षीच्या सतरंजीवर पत्ते मांडले की एखादा हरवतोच; साधी एकरंगी चादर अंथरावी. माणसं तीन किंवा चार. सहा जण बसले तर दोघांना पत्ते उलटे दिसतात आणि ते हळूच टीव्हीकडे सरकतात. वापरून झालेल्या वस्तूंचे पत्ते बाजूला काढायला सांगितलेलं असतं, ते काढले नाहीत की जुन्याच किल्लीच्या नव्या बेरजा करत दहा मिनिटं जातात. चुकलेले कोड कागदावर लिहून ठेवावेत. तोच चुकीचा कोड लोक दोन-दोनदा लावतात आणि दंडही दोनदा भरतात.

आणि घड्याळ? तासाची मर्यादा खऱ्या खोलीतून आली आहे, जिथे पुढचं गिऱ्हाईक बाहेर उभं असतं. घरात कोण उभं आहे? पहिल्यांदा खेळणाऱ्या घरानं वेळ न लावता खेळावं आणि किती इशारे घेतले ते मोजावं. तासाचं बंधन नसेल तर मजा जाते असं म्हणणारे असतात. त्यांनी दुसऱ्या पेटीपासून घड्याळ लावावं.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण वाचनालयाच्या कार्यकारिणीत ते येणारच. ‘वाचनालयात पत्ते?’ हा पहिला. शब्दाचाच प्रताप आहे हा. पत्ते म्हटलं की तीन पानी आणि पोलिसांची धाड डोळ्यांपुढे येते. इथे डाव नाही, पैसा नाही, समोर प्रतिस्पर्धी नाही. १८८७ च्या जुगारविरोधी कायद्यानंही निव्वळ कौशल्याचे खेळ वेगळे ठेवलेलेच आहेत. तरी कोणाला बोचत असेल तर पेटीवर ‘सुटकेची कोडी’ लिहा, आणि विषय संपवा.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: वाचन वाढवायचं की खेळ? वर्गणीदार घटत असताना पैसा पुस्तकांवरच जावा असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण या खेळात दुसरं काय असतं? प्रत्येक पत्त्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचायचा, आणि वाक्यातला एक शब्द सुटला की तीन मिनिटं वजा. शाळेतल्या उताऱ्यावरच्या प्रश्नांत इतकं बारीक वाचन होत नाही. शिवाय एका संचाच्या छपाईला लागतात चारच शीट, लॅमिनेशन आणि कटिंग. जाडजूड कादंबरीच्या किमतीच्या आसपास काम होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी धोक्याची ४५ फुटांची खूण ओलांडून ५७ फुटांवर गेली तेव्हा सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं गेली, त्यांतली कित्येक पुन्हा मिळणार नाहीत. इथे छापलेल्या संचाची फाइल जपून ठेवली की हरवलेला पत्ताच काय, आख्खी पेटी चार दिवसांत पुन्हा उभी राहते. (ती पुराची रात्र मात्र कोणी ‘थरारक’ संच म्हणून काढू नये. पाणी वाढताना काय आधी वर न्यायचं याचं कोडं चालेल. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्यासमोर सुटकेचं नाटक चालणार नाही.)

तिसरा आक्षेप ग्रंथपालांचा, आणि तो सगळ्यांत खरा. तुटपुंज्या पगारात आणखी साठ पत्ते मोजायचं काम कोण करणार? यासाठी पेटी परत करणाऱ्यानंच पत्ते आकड्यांच्या क्रमानं लावून द्यायचे, हा नियम असावा; नाहीतरी खेळायलाही ते क्रमानंच लागतात. कुठले आकडे संचात आहेत ती यादी झाकणाच्या आत चिकटवावी, कारण मधले पुष्कळ आकडे मुद्दाम गाळलेले असतात. क्रम लागलेला कॅट तपासायला दोन मिनिटं लागतात. काही जण वजनाचा उपाय सुचवतात. ३०० जीएसएमचा एक पत्ता साधारण १.७ ग्रॅम, साठांचे १०० ग्रॅम, लॅमिनेशन धरून थोडं जास्त. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक पत्ता कमी पडला तरी कळायला हवा. उन्हाळ्यात तो कळतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी ओढतो, कॅटचं वजन दोन-तीन ग्रॅमनं सहज वाढतं, आणि हरवलेला पत्ता काट्यावर जागेवर असल्यासारखा दिसतो. जून ते सप्टेंबर हातानंच मोजावेत.

उत्तरं फुटतील, हा चौथा आक्षेप. फुटतील, विशेषतः एकाच वर्गातल्या मुलांत. म्हणून प्रत्येक संचाच्या दोन आवृत्त्या छापाव्यात, अ आणि ब. गोष्ट तीच, पण किल्लीचे सात-आठ पत्ते वेगळे, त्यामुळे कोड वेगळे. ‘मिरज’च्या जागी ‘कराड’ आला की ८२५ चे ३२१ होतात आणि पाठ करून आलेला मुलगा दंड भरतो.

तरीही एक दिवस असा येईल की साताऱ्यातल्या ज्या घरांना खेळायचं होतं ती सगळी खेळून झालेली असतील. पेटी तेव्हा रद्दीत काढायची नाही. साताऱ्याचा संच कराडला, कराडचा सांगलीला, सांगलीचा तासगावला, वाईचा मिरजेला, असा दर सहा महिन्यांनी फिरवायचा. एसटीच्या पार्सलमध्ये शंभर-दीडशे ग्रॅमची पेटी जाते. दाखलनोंदवहीत तिचं नाव मूळ वाचनालयाकडेच राहील, आणि झाकणाच्या आतल्या चिठ्ठीवर प्रत्येक गावाचा शिक्का, आल्याची तारीख आणि हरवलेल्या पत्त्यांचे आकडे. कुणाला किती मिनिटं लागली ते मात्र त्या चिठ्ठीवर लिहू नये. ते लिहिलं की पुढचं घर कोडं सोडवायचं सोडून मागच्या घराशी शर्यत लावतं.